मावशी मोजत नाही

ता. २ मे

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून हे पत्र.

बारकीला तिचे बाबा रविवारी तुझ्याकडे आणून सोडतील. पाच आठवडे सुट्टी आहे आणि मला क्लासच्या तालमींतून श्वास घ्यायला फुरसत नाही. मागच्या तालमीत सगळ्या मुली डावीकडे वळल्या, आमची नऊ वर्षांची घोडी उजवीकडे, आणि शेजारणीच्या नाकावर हिचं कोपर. रक्त पुसता पुसता त्या मुलीच्या आईनं मला विचारलं की नाचाच्या बाईंच्याच मुलीला ताल कसा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं लोकांच्या मुलींचे पाय घडवले, आणि घरची मात्र दोरीवरच्या दोन उड्या सलग मारेना!

व्यायामाच्या बाई म्हणतात की हा आळस नव्हे आणि कानही उत्तम आहेत. बाकीच्या मुलांचं अंग पुढचा ठोका कधी पडणार ते ओळखून आधीच तयार असतं. ही ठोका ऐकते आणि मग हलते, म्हणून दर वेळी मागे. त्यांनी ठोके देणारं यंत्र दिलंय, ते सोबत पाठवतेय. रोज अर्धा तास त्याच्याबरोबर टाळ्या घे. चुकली की पुन्हा एकपासून, मी घेते तसंच. तुझ्या बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायच्या यंत्राजवळ तिला फिरकू देऊ नकोस. तुम्ही दोघी सारख्याच धांदरट.

२० जूनला क्लासला वीस वर्षं होतात. त्या दिवशी बारकी स्टेजवर दिसलीच पाहिजे. लोभ आहेच, शिस्तही असू दे.

तुझी,
ताई

ता. १४ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बारकी मजेत आहे. यंत्र मी तीन दिवस लावलं. टकटक सुरू झाली की ती खांदे कानांपर्यंत ओढून घ्यायची आणि टाळी वाजवायचीच विसरायची. चौथ्या दिवशी मी ते कपाटात टाकलं. आरडाओरडा करण्याआधी पुढचं वाच.

सध्या आमच्याकडे एका जाडजूड पुस्तकाचं काम आहे. लांब टेबलाच्या कडेनं फर्म्यांचे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे, गठ्ठे मांडलेले असतात. टेबलाभोवती चालत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलायचा. फेरी संपली की हातात एक पुस्तक. एरवी आम्ही तिघी फिरतो, या वेळी बारकीला सगळ्यांत पुढे ठेवलं. तिच्या चालीनं आम्ही मागून. पहिल्या दिवशी आमच्या कमरेचा काटा ढिला झाला, इतकी हळू! एखादा फर्मा राहिला तरी थांबायचं नसतं. फेरी पुरी करायची, चुकलेलं पुस्तक तपासणीत बाजूला निघतंच.

आठवडाभरानं बघते तर तिचा हात पाऊल पडायच्या आधीच पुढच्या गठ्ठ्याकडे निघालेला. शिलाई करणाऱ्या आजी तर सुई हातात धरून बघतच राहिल्या.

दूध अजून रोज सांडते, त्यात काही फरक नाही. पण काल तिनं दोरीवरच्या चार उड्या मारल्या. सलग! मी मोजल्याही नाहीत, तिनंच सांगितलं.

लोभ वाढावा, निदान हे वाचून आटू नये.

तुझी,
धाकटी

ता. २१ मे

चि. धाकटीस,

आशीर्वाद. 'अनेक' आणि 'उत्तम' आज मुद्दाम गाळलेत.

चार उड्या! तिचे बाबा पत्र घेऊन घरभर नाचले. मी भांडी घासायला घेतली, घासलेलीच. सरळ सांगते, माझा जळफळाट झालाय. दीड वर्ष मी गुडघ्यांवर बसून तिची पावलं हातांनी उचलून ठेवली. आणि तुझ्या त्या खळीचा वास मारणाऱ्या खोलीत बाईसाहेबांना आठवड्यात जमलं?

परवा फोनवर तिला विचारलं की मावशीकडे असं वेगळं काय आहे. म्हणाली, मावशी मोजत नाही. एवढंच. मी तिच्या बाबांच्या हातात फोन दिला.

यंत्र कपाटात टाकलंस म्हणून व्यायामाच्या बाईंकडे तक्रार घेऊन गेले, तर त्या खूश! यंत्र आता राहू द्या, म्हणाल्या, आणि मुलीलाही तिथे अजून राहू द्या. म्हणजे त्याही तुझ्याच झाल्या. लहानपणी माझं काही तुला मिळालं नाही, म्हणून आता मुलगी पळवतेस का?

शनिवारी तिचे बाबा येतील. तिला तयार ठेव. लोभाचं नंतर बघू.

ताई

ता. २४ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मी काहीही गाळलेलं नाही.

'पळवतेस का' वाचून माझा तिळपापड झाला. ताई, तू मला मागच्या दारी उभी करून शिकवायचीस. एक, दोन, तीन, चार, आणि चुकले की पुन्हा एकपासून. पाच माझ्या वाट्याला कधी आलंच नाही. बारकीचंही तेच चाललंय. चुकायच्या धास्तीनं ती आधी ठोका ऐकून खात्री करते आणि मग हलते. मला व्यायामाच्या बाईंइतकं कळत नाही, पण ही धास्ती मी ओळखते.

पाहुणे आले की तुला नाचायला सांगायचे आणि मला सांगायचे, कपांना हात लावू नकोस. मी दाराआडून बघायची आणि मनात म्हणायची, आज तरी हिचा पाय घसरू दे. एकदाही घसरला नाही. इतकी जळले आहे मी तुझ्यावर.

आता जे सांगते ते वाचून हवं तेवढं बोल. दहा दिवस झाले, बारकी घरी जायचं म्हणतेय. त्या उड्या तिला तुला दाखवायच्या आहेत. मीच तिला थोपवून धरलं. आई कामात आहे, हे पुस्तक संपू दे, असं काहीबाही सांगितलं. तुझ्या मुलीची एक तरी गोष्ट माझ्या एकटीची असावी, असं वाटलं गं.

शनिवारी ती तयार असेल. लोभ ठेवावासा वाटला तर ठेव.

धाकटी

ता. १० जून

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्या दहा दिवसांची माफी द्यायला मला पंधरा दिवस लागले. अजून पुरती दिलेली नाही.

बारकी आली ती बूटसुद्धा न काढता दोरी घेऊन उभी राहिली. तीन उड्या झाल्या आणि पाय अडकला. माझ्या ओठांवर 'एक' आलंच होतं, दात आवळून गिळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प आहे असं बघून दोरी सोडवली आणि चार, पाच, सहा मोजत पुढे मारल्या. मी आत जाऊन रडून घेतलं.

आता रोज सकाळी क्लासच्या रिकाम्या हॉलमध्ये ती पुढे चालते, मी मागून. मला जमत नाही! माझं पाऊल तिच्या आधी पडतं. आई फार घाई करते, असं तिनं बाबांना सांगितलंय.

एक गोष्ट मीही कबूल करते. तू काही पाडलंस की सगळे हसायचे, मी सगळ्यांत मोठ्यानं. माझ्या मुलीला तसं कुणी हसू नये, ती तुझ्यासारखी होऊ नये, म्हणून मी तिला एकपासून एकपासून करत रडवलं. आता ती कपड्यांच्या घड्या अगदी तुझ्यासारख्या नख फिरवून घालते, आणि मी शोधत बसते की हिच्यात माझं काय आहे.

कार्यक्रमाचं तिला या वेळी विचारलं, सांगितलं नाही. बराच विचार करून म्हणाली, नाचायचं नाही, बघायचंय, मावशीशेजारी बसून. बाबांशेजारी का नको म्हटलं, तर म्हणाली की मावशीला टाळ्या कधी वाजवायच्या ते कळत नाही, शेजारून कुणीतरी सांगायला हवं.

पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या धरून ठेवल्या आहेत. मी वर नाचत असेन आणि तुम्ही दोघी खाली खांद्याला खांदा लावून बसाल. माझा जळफळाट होणार, मला आत्ताच माहीत आहे. तरी ये.

लोभ कर, थोडा माझ्यावरही.

तुझी,
ताई