कुलपाबाहेरची तक्रारपेटी

माननीय न्यायाधीश साहेब,

माझा दावा पुन्हा आपल्यापुढेच आला आहे, आणि चालू दाव्यात न्यायाधीशाला खासगी पत्र लिहू नये, म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही.

तुरुंगाने माझ्या डोळ्यावर उपचार केले नाहीत. आधी तक्रारपेटीत तक्रार टाकली नाही, म्हणून आपण दावा न ऐकताच फेटाळलात. पेटी आमच्या कुलपाबाहेर, जेलरच्या दाराशी आहे. कोठडीतला सोबती म्हणायचा, "काका, पेटीला पाय फुटायची वाट बघा."

वरच्या कोर्टाने जेलरला एवढेच विचारले, "कैद्याचा हात तिथवर पोचतो का?"

"नाही, साहेब."

आपला हुकूम रद्द झाला. डोळ्याला अजून उजेड कळतो, देवाची कृपा. मी जिंकेन. हरलोच, तर या वेळी डोळ्याचे ऐकून हरवा.

आपल्यासमोर येणारा,
वादी