फिकट गुलाबी

शुक्रवार, वडगाव

‘रंग सांगून कळत नसतो, पोरी,’ माझे रसायनशास्त्राचे सर म्हणाले होते. टायट्रेशनच्या प्रयोगाचा व्हिडिओ मुलांना घरी बघायला पाठवला, तेव्हापासून तेच टोचत होतं. द्रावण जेमतेम गुलाबी झालं की थांबायचं; आज सगळ्यांनी व्हिडिओसारखं गडद होईपर्यंत थेंब सोडले. चूक माझीच ना? शिरगावची सुरेखा मात्र फिकट गुलाबीवर थांबली.

‘व्हिडिओ नाही बघितलास?’

‘लय येळा बघितला, मॅडम. पन फोनचा रंग खरा नसतो. आयची साडी त्यात येगळीच दिसती.’

तिचा फ्लास्क सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या खेपेला सगळेच फिकट गुलाबीवर थांबले. हायसं वाटलं.

‘व्हिडिओ आहे की तुमचा,’ म्हणत प्राचार्य नकारच देतील. तरी उद्या विचारणार: सर, मुलांच्या सरावासाठी परीक्षेपर्यंत दर शनिवारी दोन तास प्रयोगशाळेची किल्ली द्याल?