निकाल राखून ठेवला आहे

नार्वे, डिचोली
७ जून १९८८

रा. रा. कृष्णनाथराव व्याही यांसी,

शिवदास मास्तरांचा (म्हणजे माझाच, पत्रात स्वतःला मास्तर म्हणवून घेण्याची खोड पेन्शनीत निघालो तरी जात नाही) सप्रेम नमस्कार. सप्तकोटेश्वराच्या कृपेने आम्ही सर्व इकडे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? त्याला रोज तेल लावता, की नुसते येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची हकिगत सांगता? विहीणबाईंना आमचा नमस्कार सांगावा. मानकुराद आंब्यांची करंडी पोचली. म्हापशाच्या स्टँडवर गाडी बदलताना कंडक्टरने तिच्यातून आपला वाटा काढून घेतलेला दिसतो, पण त्याला बोल लावत नाही, कारण पेडण्याचा आंबा समोर असताना मीही तसेच केले असते.

तुमचे पत्र वाचले. सुमंगला आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली, तिथल्या हायस्कुलात इंग्रजीच्या बाईंची जागा रिकामी होती, हेडमास्तरांनी तिला बोलावून विचारले, आणि आता ‘ती इथेच राहून नोकरी धरील म्हणते, जावईबापू श्रीनाथराव शनिवारी येऊन जातील, तुमची काय आज्ञा?’ असे तुम्ही विचारता. आज्ञा मी देणारच आहे. आज्ञा देण्याची मला सवय आहे. पण त्याआधी इथे काय घडले ते सविस्तर सांगणे भाग आहे, नाहीतर सून माझ्यामुळे गेली असा गैरसमज तुमच्या बाजूला पसरेल. (आमच्या बाजूला तो पसरलेला आहेच.)

मी सोप्यावर संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आपले गोवे राज्य होऊन वर्ष उलटले. कोकणी राजभाषा झाली, आपण मराठीवाले हात वर करून ओरडलो, आणि तेच ओरडणारे बाप दुसऱ्या दिवशी पोरांना माझ्याकडे घेऊन आले की मास्तर, याला तेवढे इंग्लिश शिकवा. पोर्तुगिजांच्या अमदानीत बेळगावला राहून मॅट्रिक झालेला माणूस गावात मी एकटा, तेव्हा माझ्याशिवाय कोण शिकवणार? माझी पद्धतही तुम्हाला सांगून ठेवतो. पुस्तकातला टॉम आणि हॅरी आम्हाला चालत नाही. वाक्य गावातल्या माणसावर करायचे आणि ते खरे असले पाहिजे. खरे आहे की नाही याचा संशय आला, तर उठायचे आणि पडताळा घ्यायचा. खोटे वाक्य व्याकरणाने कितीही शुद्ध असले तरी मी त्याच्यावर तांबडी रेघ मारतो.

गेल्या महिन्यात आम्ही तुलनेला लागलो. ‘बाबली कॅन क्लाइम्ब फास्टर दॅन हिज ब्रदर-इन-लॉ कॅन.’ इथे वाक्य संपले. दुसऱ्या ‘कॅन’च्या पुढचे ‘क्लाइम्ब’ म्हणायचे नाही, कारण बाबली एकदा माडावर चढलेला आहे, त्याला पुन्हा कशाला चढवायचा? हे मी पोरांना ‘उत्तरपदी क्रियापद अध्याहृत असते’ अशा स्वच्छ शब्दांत समजावले. त्यांना अध्याहृत हा शब्द इतका आवडला की गुरे राखतानाही ती एकमेकांना त्या नावाने हाका मारू लागली. परंतु वाक्य खरे आहे का, हा प्रश्न उरला. बाबली पाडेली गावाचे नारळ पाडतो, त्याचा मेव्हणा वरच्या वाड्याचे. दोघांना देवळामागच्या माडांवर एकाच वेळी चढवले. बाबली आधी पोचला आणि आनंदाच्या भरात त्याने वरूनच एक नारळ खाली सोडला, तो नेमका पदेराच्या सायकलवरच्या पावांच्या टोपलीत. पदेर भोंगा वाजवत माझ्या सोप्यावर आला, मेव्हणा अजून बाबलीशी बोलत नाही, आणि त्या रात्री आम्ही सगळ्यांनी चपटे पाव खाल्ले. पण वाक्य खरे ठरले.

त्यानंतर सेजल नावाच्या पोरीने वहीत लिहिले, ‘सुमंगला वहिनी कॅन टीच बेटर दॅन मास्तर कॅन.’ शेवटचे क्रियापद बरोबर गाळलेले. तांबडी रेघ मारायला कुठेही जागा नाही. चौकशीअंती असे कळले की पोरे माझ्याकडून नियम घेऊन जाताना मागच्या दाराने वळसा घालतात, आणि तुमची लेक नारळ खवता खवता स्वयंपाकघराच्या खिडकीतून तोच नियम त्यांना पुन्हा सांगते. एखादा हलका सासरा रागावला असता. मी म्हटले, नियम तो नियम. पडताळा होईल. उद्या सूनबाई वर्ग घेतील.

कृष्णनाथराव, तुमच्या लेकीने अध्याहृत हा शब्द उच्चारलाच नाही. तिने पोरांच्या जोड्या लावल्या. एका जोडीने शीळ घालायची, दुसरीने एका पायावर उभे राहायचे, तिसरीने गाल फुगवून दम धरायचा. तिचा नियम एकच होता की वाक्य हरणाऱ्याने म्हणायचे. हरलेला पोर उठायचा, छाती काढून म्हणायचा, ‘ही कॅन व्हिसल बेटर दॅन आय कॅन,’ आणि तिथेच थांबायचा, कारण तोवर सगळे हसत असायचे आणि पुढे बोलायला कोणी वाव देत नसे. हरायला मिळावे म्हणून पोरे भांडू लागली. हा गोंधळ ऐकून आमची विनोदिनी हात पुसत बाहेर आली. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्या वर्गाला कधी फिरकली नव्हती. सुमंगलेने तिच्या हाती सुई दिली आणि सासू-सुनेची दोरा ओवण्याची शर्यत लागली. विनोदिनी चष्मा शोधेपर्यंत सुनेने दोरा ओवलासुद्धा. मग माझी बायको, जिला इंग्रजीचे एक अक्षर शिकवण्यात मला यश आले नाही, ती पोरांच्या मध्ये उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “शी कॅन डू बेटर दॅन आय कॅन!” सासूने सुनेबद्दल असे वाक्य चारचौघांत म्हटल्याचे तुमच्या ऐकिवात आहे का? वर माझ्याकडे वळून म्हणते, “कळ्ळें मूं? आतां तुमी म्हणात.”

सगळी पोरे माझ्याकडे पाहू लागली. सुमंगला मात्र खाली मान घालून दोरा गुंडाळत होती. परीक्षक मी, परीक्षार्थीही मीच, अशा नाजूक प्रसंगी घाईने निवाडा देणे योग्य नव्हे. मी घसा साफ केला आणि निकाल राखून ठेवला असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी ती पेडण्याच्या वाटेला लागली. हे जाणे आधीच ठरलेले होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

तेव्हा माझी आज्ञा अशी की नोकरी घ्यायची की नाही ते तिने ठरवावे, आम्ही आडकाठी करणार नाही. माझ्या वर्गाला तिच्या जाण्याने काडीचाही फरक पडलेला नाही. वर्ग उत्तम चालला आहे. गुडघ्याला जपावे.

आपला,
शिवदास

ता. क. : वर्ग उत्तम चालला आहे असे वर लिहिले, ते शिस्तीपुरते खरे आहे. पोरे वेळेवर येतात, गप्प बसतात आणि मी फळ्याकडे वळलो की विचारतात, “मास्तर, वयनी केन्ना येतली?” पोरांना इतके गप्प मी जन्मात पाहिले नव्हते. श्रीनाथ पणजीहून आल्यावर खाली मान घालून जेवतो. तोही बहुधा तेच विचारत असावा.

ता. क. दुसरा : विनोदिनी म्हणते की आंबे पाठवलेत, आता सून पाठवा. पेडण्याचे हायस्कूल मोठे आहे आणि आमचा सोपा लहान, हे मला कळते. तरीपण तिला एकदा विचारून पाहा.

ता. क. तिसरा : वरचे सगळे तुम्ही वाचा. सुमंगलेला फक्त एवढे दाखवा.

चि. सुमंगला, निकाल लागला. नियम तुझाच, म्हणून वाक्य मी म्हणायचे. काल सगळ्या पोरांसमोर उभा राहून म्हटले, आता लिहून देतो : ‘सुमंगला कॅन टीच बेटर दॅन आय कॅन.’ तू तिकडे राहिलीस तरी हे बदलणार नाही. माझी खुर्ची सोप्यावर आहे तिथेच आहे, पण मी आता तिच्यावर बसत नाही. चटईवर सेजलच्या शेजारी बसतो, आणि माझ्या पलीकडे तुझी सासू पाटी घेऊन बसते.