चिंगळीला जे जे दिलं

३ नोव्हेंबर

आले एकदाची नायगावला. मायाच्या सासरची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात सतराव्या मजल्यावर लेकीचं नवं घर. भिंती इतक्या कोऱ्या की टेकायला लाज वाटते. आमच्या शीव कोळीवाड्यात शेजारणीनं लसूण ठेचला तरी आपल्या घरात वास येतो. इथे दार लावलं की शेजारी माणूस राहतो की कबूतर, कळायचं नाही. आमचे जावई वैभवराव बॅग उचलताना म्हणाले, सासूबाई, आत कपडे आहेत की बर्फासकट सुरमई? मी म्हटलं, गोष्टी आहेत, त्याच जड असतात.

खोटं नाही ते. तीस वर्षं मासळी विकली. पाटीमागे बसून गिऱ्हाइकांच्या पोरांना गोष्टी सांगितल्या, मग अक्षरं गिरवत लिहायला लागले. आता सदुसष्टाव्या वर्षी पहिलं पुस्तक यायचंय. त्यातल्या कोळणीच्या पोरीचं नाव चिंगळी, म्हणजे छोटी कोळंबी. प्रकाशनातली चैत्राली फोनवर म्हणाली, आजी, गोष्ट मस्त आहे, पण चिंगळी पुठ्ठ्याची वाटते, तिला जरा जिवंत करा ना. महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय.

जिवंत नमुना तर घरातच आहे. माझी नात ओवी, सहा वर्षांची. मला बघून अशी धावत आली की दोघी सोफ्यावर आडव्या!

५ नोव्हेंबर

सकाळी ओवी शाळेत गेली की स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसते. लिहिणं मला कुणी शिकवलं नाही, माझी रीत बाजारातलीच. ताजं दिसलं की उचलायचं, शिळं करायचं नाही. पोरं काय बोलतात, कशी रुसतात, ते त्याच दिवशी वहीत घालायचं. कोळीवाड्यात वीस पोरं होती, याचं चिमूटभर, तिचं चिमूटभर. इथे एकच पोर, म्हणून सगळं तिच्याकडूनच.

ओवीकडे माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी आहे. ती घेतल्याशिवाय झोपत नाही, शाळेच्या गेटापर्यंत ओढत नेते. माया वैतागते. म्हणते, आये, पोर सहा वर्षांची झाली, वर्गातली पोरं हसतात. मी ती चिंधी चिंगळीच्या हातात दिली. दोन पानं झरझर लिहून झाली. चिंगळी पहिल्यांदा हलली.

८ नोव्हेंबर

गंमतच झाली. ओवीनं चिंधी सोडली. परवापासून तिकडे बघतही नाही. मी पुढे केली तर म्हणाली, हे पुसायचं फडकं आहे ना? वैभवरावांनी पेढे आणले. माया म्हणाली, दोन वर्षं मी डोकं आपटतेय, आणि तू आलीस नि तीन दिवसांत पोर शहाणी! आजीचा पायगुण, दुसरं काय, असं मीही मिरवून घेतलं.

१२ नोव्हेंबर

फोनवर वाचून दाखवलेली पानं चैत्रालीला आवडली. म्हणाली, आजी, ही मुलगी माझ्या समोर बसल्यासारखी वाटते, अजून द्या.

काल आणखी दिलं. ओवीला उंचीची भारी भीती. हॉलमधून जाताना खिडकीच्या समोरच्या भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी तिरकी चालते. ती चाल तशीच्या तशी चिंगळीला दिली, पहिल्यांदा होडीवर चढतानाची.

१३ नोव्हेंबर

दुपारी माया किंचाळली म्हणून धावले. ओवी हॉलच्या खिडकीत बसलेली, काच सरकवलेली, दोन्ही पाय बाहेर. जाळी अजून बसवलेली नाही. सतरा मजले. मायानं मागून कमरेला मिठी मारून ओढली. पोर रडली नाही, घाबरली नाही. म्हणाली, खाली गाड्या बघत होते, ओरडतेस काय?

वैभवराव रजा टाकून जाळीवाल्याला घेऊन आले. हसत नव्हते.

मला वहीतलं पान आठवलं. छे. म्हातारपणाचे खेळ.

१५ नोव्हेंबर

खेळ नाहीत.

खात्री करायची म्हणून काल मुद्दाम एक लहानसं लिहिलं. तळलेल्या पापलेटाचं कुरकुरीत शेपूट ओवीला लागतंच, बापाच्या ताटातलंही पळवते. ते चिंगळीला दिलं. आज ताटात दोन शेपटं वाढली. ओवीनं काटे काढावेत तशी बाजूला सारली.

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

इतकी वर्षं मासळी विकली आणि एवढं कळलं नाही? दर्यातून काढलेला मासा दर्यात राहतो का? उचललं म्हणजे तिथून गेलंच.

कोळीवाड्यातला जगन आठवला. लहानपणी काय शीळ घालायचा! माझ्या पहिल्या गोष्टीतल्या पोराला दिली होती मी ती. आज शेजारणीला फोन केला. म्हणाली, जगन? तो कधी शीळ घालायचा गं?

१६ नोव्हेंबर

चिंधीचं पान फाडलं. बारीक तुकडे केले, गॅसवर जाळले. वाटलं, तिकडून सुटलं की इकडे येईल.

नाही आलं. ओवीला चिंधी दाखवली तर नुसती बघत राहिली. आता ते पोरीत नाही आणि पानातही नाही. मीच जाळलं.

बाकीची पानं फाडायची नाहीत. जे आहे ते तिथेच आहे.

१८ नोव्हेंबर

चैत्रालीला कळवलं, पुस्तक देत नाही. ती गयावया करत होती, छापायची तयारी झालीय म्हणे. मी फोन ठेवला. गोष्टीची वही बॅगेत, बॅगेला कुलूप, किल्ली कमरेला. चिंगळीला आता एक शब्द द्यायचा नाही.

पण जीव थाऱ्यावर नाही. पोरीत अजून जे शाबूत आहे ते या रोजनिशीत उतरवून ठेवते, डोळ्यांत साठवून ठेवावं तसं. ओवी हसली की तिला उचकी लागते, मग उचकीला हसते, मग पुन्हा उचकी. चित्र काढताना जिभेचं टोक बाहेर येतं आणि पेन्सिल वळेल तसं वळतं. संध्याकाळी बाप आला की आधी त्याच्या डब्याचं झाकण वाजवून विचारते, काय रे डब्या, पोट भरलं का तुझं?

लिहिलं आणि बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर

वैभवराव आले. डबा टेबलावर ठेवला. मुद्दाम जोरात ठेवला. ओवीनं मान वर केली नाही.

मी गोष्टीच्या वहीला हात लावलेला नाही. कुलूप जसंच्या तसं. मग कसं?

२० नोव्हेंबर

हसत नाही. वैभवरावांनी गुदगुल्या केल्या. तिनं त्यांचा हात बाजूला केला, पाहुण्याचा करावा तसा.

डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. शाळेतल्या बाईंनी मायाला सांगितलं, तुमची मुलगी हल्ली किती शिस्तीत असते! माया घरी येऊन माझ्यावर ओरडली. आये, तू काय सांगतेस तिला दिवसभर? काय केलंस माझ्या पोरीला? काय सांगू — तुझी पोर मी कापून —

ओवी चित्र काढत बसली होती. तोंड मिटलेलं. घट्ट.

२१ नोव्हेंबर

उचकी. जीभ. डबा.

तिन्ही इथे आहेत. याच वहीत. मागच्या पानावर. माझ्याच अक्षरात.

गोष्ट असो की रोजनिशी — हाताला काय फरक — मी प्रेमानं लिहिलं. प्रेमानंच तर —

२२ नोव्हेंबर

लिहायचं नाही. काल तेवढं खरडलं, मग दिवसभर पेनाला हात लावला नाही. बोटं वळवळतात. पोरगी समोरून जाते आणि मी मनात वाक्य जुळवते — जन्माची खोड — मनात जुळवलेलं चालतं का? तेही नको. दुसरीकडे बघते.

एक उरलंय. एकच. माझ्यापाशीच करते. ते कुठे लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. ते असेतो ती माझी ओवी.

आज कोळीवाड्यात परत जाते. मायाला एवढं कळावं म्हणून या चार ओळी. माया, गोष्टीची वही जाळू नकोस, ही पण नको. सांभाळ. पोर यांच्यात आहे. आणि मला परत बोलावू नकोस, कितीही —

दार वाजलं. शाळा सुटली वाटतं. पेन ठेवते.

आली. बॅग बघितली माझी. थांबली. — अगं बाई — करतेय. अजून करतेय! माझं बाळ — सगळं गेलं तरी हे — दोन्ही हा