टोपरं घातलेलं वासरू

वॉर्सा, मंगळवार

प्रिय ब्रोन्याताई,

येशूची स्तुती असो. तुझं पार्सल पोचलं: वाळवलेल्या अळंब्यांची माळ एक, आलुबुखारच्या मुरंब्याच्या बरण्या दोन, लोकरी मोज्यांचा जोड एक. टपालाला एकोणीस झ्लोटी घातलेस. (तेवढ्यात इथे दोन जोड मिळतात, पण तुझ्या हातची वीण कुठली?) तुझा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत.

शनिवारी चर्चमधून बाहेर पडले तर चौकात वीसेक माणसं रांगेत उभी. आपल्या पिढीला रांग दिसली की पाय आपोआप वळतात; काय मिळतंय ते मागाहून विचारायचं. शेवटचं कोण ते विचारून मी उभी राहिले. पुढचा माणूस परदेशी, नुसता हसला. रांग हलली, मीही हलले. तीन गल्ल्या झाल्या तरी दुकान येईना, पण धरलेली जागा सोडवते का? मग कळलं, ही पर्यटकांची पायी सहल, लढाईतल्या आणि कम्युनिस्ट राजवटीतल्या खुणा बघणारी; पुढची लाल छत्रीवाली याग्ना त्यांची गाईड. गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीपाशी मी पिशवीतली मेणबत्ती लावून मृतांसाठी प्रार्थना म्हटली. सगळे टोप्या काढून थांबले. (वळणाची माणसं.)

पुढे एका बंद खाटकाच्या दुकानासमोर याग्ना सांगायला लागली की त्या काळी मांस रेशनवर मिळायचं. मला राहवेना. म्हटलं, "पोरी, मिळायचं ते कार्ड. मांसाला खेड्यात जाऊन पोलिसांच्या नजरेआड चोरून आणावं लागायचं." आणि ब्याऐंशी सालची ती गोष्ट सांगितली: बाबागाडीत वासराचं चार किलो मांस, दुपट्यात गुंडाळलेलं, वर टोपरं, आणि स्टेशनवर शिपाई वाकून बघायला लागला तेव्हाचं ते, "हळू साहेब, गोवर निघालाय, आत्ताच डोळा लागलाय." याग्ना ते त्यांच्या भाषेत सांगत होती आणि लोक हसून हसून भिंतीला टेकले. मग म्हणाली, "आजी, दर शनिवारी याल? माझं ऐकताना हे लोक घड्याळं बघतात." ताई, आमचे हे गेल्यापासून माझं बोलणं ऐकायला कुणी असं थांबलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

तुझी,
गेन्या

ता. क. बाबागाडी तू ढकललीस, मी घरी कांदा चिरून वाट बघत होते, हे मला पक्कं आठवतं. पण तोंडातून 'मी' निघून गेलं. कबुलीच्या वेळी फादर म्हणाले, बहिणीची परवानगी आण, नाहीतर शनिवारी सगळ्यांसमोर खरं सांग. खरं सांगितलं तर तिथे तू हवीस, मी कशाला? तेव्हा गोष्ट मला देऊन टाक.

ता. क. २. शिपायाला मी जरा देखणा केलाय, आणि त्याने टोपऱ्याचा पापा घेतला असं जोडलंय. हे फादरना सांगितलेलं नाही. शनिवारच्या आत उलट टपाली 'दिली' एवढंच लिही.