सदस्यपत्नींच्या गॅलरीतून

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा अधू असल्याने तूर्त कागदावरच). तुझी कंबर कशी आहे, ते सविस्तर कळवावे. भावोजींची प्रकृती उत्तम असल्याचे मी रोज वरून पाहतो (वरून म्हणजे कोठून, ते पुढे येईलच).

तुझी भावजय देशाच्या संसदेतील पहिली आणि एकमेव स्त्री सदस्य, हे तू जाणतेसच. परंतु स्त्रीला सदस्य केल्यावर तिच्या नवऱ्याचे काय करायचे, याचा विचार तेथे कोणीच केलेला नव्हता. गिरणीतल्या बायांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी, हे तिचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा मी प्रवेशपत्रासाठी गेलो. कारकुनाने छापील अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, पती हा रकानाच नाही. पत्नी व्हा, नाहीतर पत्रकार व्हा.” वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने खोट्या कागदावर मी आजवर सही केलेली नाही, म्हणून दोहोंपैकी कमी खोटे कोणते, याचा पाऊण तास विचार केला. बातमी मी जन्मात लिहिलेली नाही. हिचा डबा मात्र रोज भरतो. कापऱ्या हाताने ‘पत्नी’पुढे खूण केली.

अशा रीतीने सदस्यपत्नींच्या गॅलरीत, लोकरीच्या दोन गुंड्यांच्या मधोमध, माझी स्थापना झाली. शेजारी अर्थमंत्र्यांच्या बाई मोजे विणत होत्या. “तुमचे हे कुठे बसलेत?” त्यांनी विचारले. “माझ्या ह्या,” मी दुरुस्ती केली, “त्या टकलांच्या रांगेत एकुलता एक अंबाडा दिसतो ना, त्या.” बाई इतक्या हसल्या, की सुईवरचे अकरा टाके निसटले (मी मोजले). पुढल्या चार दिवसांत मी त्या सर्वांना विधेयक पोटकलमांसह समजावून सांगितले. (कोणी विचारले नव्हते, पण अर्धवट समजलेले कलम मला बघवत नाही.)

शुक्रवारी अर्थमंत्री उभे राहिले. अशा रजा दिल्या तर गिरण्या बंद पडतील, असे बजावून ते पाणी प्यायला थांबले, आणि त्या शांततेत वरून मोज्यांच्या बाईंचा आवाज खणखणला: “सहा बाळंतपणांत दीड-दीड महिना निजून होते मी! ह्यांचं घर कधी बंद पडलं का?” सभापतींनी हातोडा आपटला, पण हसू त्यांनाही आवरेना. लगेच हात वर करून मतदान सुरू झाले. गॅलरीतल्या सुया थांबल्या. प्रत्येक बाई आपापल्या यजमानांकडे नुसती पाहत राहिली. ताई, एकेक हात वर जाऊ लागला. सर्वांत शेवटी अर्थमंत्र्यांचा. विधेयक अवघ्या एका मताच्या फरकाने पुढे सरकले! मी टाळ्या वाजवल्या, जे नियमाने निषिद्ध आहे. तस्मात मला सर्व सहपत्नींसह बाहेर काढण्यात आले. उरलेल्या टाळ्या आम्ही जिन्यावर पूर्ण केल्या.

खाली सदस्यांच्या बाकावर बसलेल्या भावोजींचा हात मात्र मांडीवरच होता. त्यांना दोष कसा देऊ? त्यांच्याकडे वरून पाहणारे कोणी नव्हते.

तुझा आज्ञाधारक भाऊ (अर्जानुसार सदस्यपत्नी)

ता. क. अंतिम मतदान येत्या गुरुवारी आहे. मोज्यांच्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी निघाल्या. म्हणजे एक हात खाली येणार, हे निश्चित. माझ्या डावीकडची खुर्ची तुझ्यासाठी राखली आहे. बोलायचे काहीच नाही. लहानपणी ज्या नजरेने तू माझ्या खिशातून तुझी पेन्सिल परत काढवत असस, ती भावोजींवर पाच मिनिटे पुरे.

ता. क. २. विधेयक आपल्या भाषणानेच तरले, असे हिचे ठाम मत आहे. माझे अधिकृत मतही तेच आहे. सबब, हे पत्र वाचून फाडावे.

ता. क. ३. तुझा अर्ज मीच भरून दिला. ‘पत्नी’पुढे खूण करताना या वेळी हात कापला नाही.