हृदय वगळून

आबा,

तुम्ही उन्हानं गेला नव्हतात, हे मला यंदाच्या जानेवारीत कळलं, तेही विम्याचा एक फॉर्म भरता भरता. तुम्ही गेलात तेव्हा मी वीस वर्षांची होते, धुळ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आज त्रेसष्टची आहे. मधली त्रेचाळीस वर्षं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी एकच उत्तर दिलं: वडील उष्माघातानं गेले, मे महिन्यात, कारखान्याच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या बसल्या. आमच्याकडचं ऊन असंच असतं, असंही वर सांगायचे. मस्कतमध्ये लोकांना ते लगेच पटायचं, तिथलंही ऊन तसंच.

तुम्हाला माझं पुढचं काही ठाऊक नाही. मी तिथल्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं काम केलं. तुमचे जावई, ज्यांना तुम्ही पाहिलंच नाही, जामनेरकडचे. त्यांचं तिथं पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं लहानसं दुकान आहे, आणि ते चालतं तोवर आम्ही तिथंच राहायचं ठरवलंय. माझी नोकरी होती तोवर हॉस्पिटलच्या कार्डावर दोघांचंही औषधपाणी व्हायचं. निवृत्तीच्या दिवशी ते कार्ड परत द्यावं लागलं. पुष्पगुच्छ घेतला, कार्ड दिलं, आणि घरी येताना टॅक्सीत माझ्या लक्षात आलं की आता आपल्याला नुसता ताप आला तरी तो आपल्या खिशातून. साठीनंतर परक्या देशात विमा घ्यायला गेलं की हप्ता ऐकून माणूस उठून घरी येतो. त्यात बीपी, साखर असं आधीचं काही असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या अटी. ह्यांचं म्हणणं सरळ होतं. "कंपनीला दरवर्षी द्यायचे ते आपणच बाजूला ठेवू. काही झालं नाही तर आपलेच राहतील. मोठं काही निघालं तर विमानात बसायचं आणि जळगाव गाठायचं." मी म्हणायचे, छातीत कळ आलेला माणूस विमानात बसत नाही. आयसीयूच्या दारात मी आपल्याकडची किती माणसं पाहिलीत. बाप आत, आणि मुलगा बाहेर भिंतीकडे तोंड करून गावी फोन लावतोय. हा वाद आमच्यात सहा महिने चालला. शेवटी ह्यांनी एजंटकडून फॉर्म आणला आणि म्हणाले, "भर तर खरा, किती मागतात ते बघू." आम्ही तो सुट्टीत इकडे घेऊन आलो.

चोपड्याला भाऊच्या ओसरीत दुपारी बसलोय. वहिनी आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतेय, चुलीवर भाजलेल्या वांग्यांचा वास बाहेरपर्यंत येतोय. माझ्या मांडीवर फॉर्म. रकाना असा: वडील हयात आहेत का, नसल्यास मृत्यूसमयी वय, मृत्यूचं कारण. तुमचं नक्की वय हवं होतं म्हणून मी भाऊला विचारलं, चोपन्न की पंचावन्न? तो चोपन्न म्हणाला. मी लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात उष्माघात लिहायला लागले तेव्हा त्यानं माझा हात धरला. भाऊ आता त्र्याहत्तरचा आहे.

"ते ऊन नव्हतं, बाई," तो म्हणाला. "आबाले छातीनं दुखनं व्हतं. दोन वरीस."

मला वाटलं, वयानं त्याचं काहीतरी गोंधळतंय. मी म्हटलं, भाऊ, तुझ्या डोक्यात दुसऱ्या कुणाचं तरी येतंय. त्यानं मान हलवली. "माले बठ्ठं माहीत शे," म्हणाला, आणि मग शांतपणे, सुपारी कातरता कातरता, सगळं सांगत गेला. कारखान्यानं त्या वर्षी नियम काढला होता की पन्नाशीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरनं छातीचा कार्डिओग्राम काढून आणायचा. तुम्हाला तेव्हा चढावर दम लागत होता, डावा हात भरून येत होता. जळगावला जिथं तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं अशा एका दवाखान्यात तुम्ही भाऊला घेऊन गेलात. नाव तुमचं सांगितलंत, टेबलावर झोपला भाऊ. तिथल्या माणसानं तारा लावल्या, कागदाची पट्टी फाडली, वर तुमचं नाव लिहिलं. वय कुणी पाहिलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचं धडधाकट हृदय तुमच्या नावानं कारखान्याच्या फाइलीत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कॉलनीतली पोरं बसमध्ये भरून शाळेला निघालात. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच.

मी विचारलं, "माझ्यासाठी का रे? माझ्या ट्रेनिंगसाठी?"

"तुनं ट्रेनिंग सरकारी व्हतं," तो म्हणाला. "तुले स्टायपेंड भेटे. घर कारखानानं व्हतं, बाई. गाडी नही तं घर नही. आनि खरं सांगू? त्यासले गाडी सोडवत नव्हती."

आबा, मला काय झालं ते मला धड सांगता येत नाही. मी रडले नाही. वहिनी पाणी घेऊन आली तेव्हा मी तिला म्हणाले, फार गरम होतंय, आणि जानेवारीत अंगावर शाल असताना हे म्हणाले. मायलाही माहीत होतं का, असं विचारायचं धैर्य झालं नाही. डोळ्यासमोर फक्त ती बस येत होती. पुढच्या दोन बाकांवर लहान मुली, मागं मोठी मुलं, दारात दप्तरांचा ढीग. मी स्वतः दहावीपर्यंत त्याच बसमधून गेले. मी कॉलेजात गेले तेव्हा माझ्या जागेवर दुसरं कुणीतरी बसायला लागलं, आणि त्या मुलांना घेऊन तुम्ही दोन वर्षं नाल्यावरच्या अरुंद पुलावरून जात राहिलात, छातीत ते घेऊन. तुम्ही गेलात ती मेची सुट्टी होती. बस वर्कशॉपच्या आवारात उभी होती. तीन आठवडे आधी तिच्यात चाळीस मुलं होती.

आणि तुम्ही कोण, तर ते आबा. सहावीत मी गणितात कमी गुण मिळाले म्हणून प्रगतिपुस्तकावर तुमची सही केली होती. ते तुम्हाला रात्री कळलं. सकाळी शाळेपाशी बस लावलीत, खाकी गणवेशातच माझ्याबरोबर वर्गात आलात, आणि बाईंना म्हणालात, "ही सही माझी नाही. कुणाची ते हीच सांगेल." सगळा वर्ग बघत होता. मी सांगितलं. परत जाताना दारात थांबून तुम्ही मला एवढंच म्हणालात, "तोंडानं खोटं बोललीस तर मी एखाद वेळेस विसरेन. कागदावर लिहू नको." नर्स म्हणून तीस वर्षांत मी रोग्याच्या कागदावर एक आकडा अंदाजानं लिहिला नाही, ते त्या सकाळीमुळे. रात्रपाळीच्या मुली तापाचे आकडे मनानं टाकायच्या तेव्हा मी त्यांना तुमची गोष्ट सांगायचे. तुमची गोष्ट, आबा.

त्या संध्याकाळी ह्यांनी मस्कतला एजंटला फोन लावला, स्पीकरवर मीही ऐकत होते, आणि तुमचं खरं कारण लिहायचं का, हिनंही आधी तपासून घ्यायचं का, असं विचारलं. माणूस वाईट नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, आधी फॉर्म पाठवा, तपासणी नंतर करा. तपासणी झालीच नसेल तर खोटं काय लिहिलं? वडिलांचं म्हणाल तर चाळीस वर्षांपूर्वीचा कागद कोण शोधणार. ह्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बरोबरच सांगतोय तो," म्हणाले. मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं की दिवाळीपासून दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना माझा जबडा दुखतो. बायकांच्या हृदयाचं दुखणं कधी कधी असंच येतं, हे मी वॉर्डातल्या शिकाऊ मुलींना शिकवलेलं आहे. स्वतःला मात्र मी दाढ दुखतेय असं सांगत होते. त्या रात्री जेवताना मी ह्यांना ते सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "उद्या जळगाव."

जळगावच्या दवाखान्यात बाकावर नंबरची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाईनं दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही कारखान्याच्या कॉलनीतल्या ना, आबा ड्रायव्हरांची मुलगी? ती माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान. शेवटच्या वर्षांत तुमच्या बसनं जायची. नवऱ्याला दाखवायला आली होती. तुमचं नाव काढल्यावर तिचा चेहरा असा उजळला. म्हणाली, "आबा किती जीव लावायचे आम्हाला. चढ संपला की चिंचेपाशी गाडी थांबवायचे. म्हणायचे, इंजिन तापलंय, उतरा, खेळा दहा मिनिटं. आम्ही चिंचा गोळा करायचो. ते आपले स्टीअरिंगवर डोकं टेकून बसायचे. शाळेला उशीर झाला म्हणून आमच्या वतीनं बोलणीही खायचे." ती हसत होती. माझ्या वेळी, आबा, तुम्ही चिंचेपाशी एकदाही थांबला नव्हतात. मी तिला खरं सांगू शकले असते. तिचा तो हक्क होता, त्या चाळीसातली ती एक. मी म्हणाले, "हो, गाडी फार जुनी होती."

मग माझं नाव पुकारलं. आतल्या मुलीनं तारा हातात घेऊन विचारलं, "नाव?" आणि मी वहिनीचं नाव सांगायला तोंड उघडलं. ठरवून नाही. वहिनीच्या नावानं अहवाल निघाला तर मला कळेल, कंपनीला कळणार नाही, असं सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात तयार होतं, जणू कुणी शिकवून ठेवलेलं. मुलीनं पुन्हा विचारलं. मी माझं नाव सांगितलं. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चार मिनिटं चालल्यावर तिनं यंत्र बंद केलं आणि डॉक्टरांना बोलवायला पळाली. दुसऱ्या दिवशी मनगटातून नळी घालून बघितलं. एक रक्तवाहिनी निम्म्याहून जास्त बंद. डॉक्टर मला मुलगा शोभेल अशा वयाचे. म्हणाले, आत्ता गोळ्यांवर भागेल, पण तुम्ही स्वतः नर्स, इतका उशीर कसा केलात? वडिलांना होता का त्रास? मी म्हणाले, होता. हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं.

फॉर्म मी सगळा खरा भरला. तुमच्या नावापुढं हृदयविकार, माझ्या नावापुढं हृदयविकार, सोबत अहवाल. मस्कतला परतल्यावर पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. ह्यांचा विमा जरा जास्त हप्त्यानं मंजूर. माझाही मंजूर, हृदय आणि त्यासंबंधीचे सर्व उपचार वगळून. ह्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणजे तुझं मूत्रपिंड त्यांचं, गुडघे त्यांचे, आणि हृदय आपलं, असं म्हणून ते हसायला गेले आणि त्यांना हसू येईना. आमचा सहा महिन्यांचा वाद असा मिटला. बाकीच्या शरीराचा हप्ता आम्ही भरतो, आणि एका हृदयासाठी जळगावच्या बँकेत वेगळी ठेव ठेवलीय, तिला हात लावायचा नाही. पुरेल की नाही, कुणी सांगावं. आम्ही दोघंही आपापल्या जागी थोडे बरोबर निघालो, आणि त्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

तुमच्यावर मी रागावलेय का? पहिले काही दिवस इतकी रागावले होते की तुमचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात उलटा ठेवला होता. तो पुन्हा लावलाय. पण तुमच्याकडे बघताना आता मला कोण माणूस दिसतो, ते अजून ठरत नाही. भाऊला मी काही बोलले नाही. तो तेव्हा पोर नव्हता, पण बापाच्या शब्दाखातर त्यानं ते केलं, आणि त्रेचाळीस वर्षं एकट्यानं सांभाळलं. हे पत्र त्यालाही दाखवणार नाही. ह्यांनाही नाही. लिहून झालं की फाडणार आहे, कारण शेवटचं जे लिहायचंय ते कुणाच्या हाती लागू नये.

ट्रेनिंगला निघताना तुम्ही मला सेकंदकाट्याचं घड्याळ दिलं होतंत, नाडी मोजायला. शेवटच्या सुट्टीत, एप्रिलमध्ये, मी घरातल्या सगळ्यांची नाडी मोजत फिरत होते. तुम्ही हात मागं घेतलात, म्हणालात, "माझी काय बघतेस, मायची बघ." दुपारी तुम्ही खाटेवर झोपला होतात, तेव्हा मी हळूच तुमचं मनगट धरलं. नाडी मधेच चुकत होती. तीन ठोके, मग रिकामं, मग दोन घाईघाईचे. मी पुन्हा मोजली, पुन्हा तसंच. मी तुम्हाला उठवलं नाही, धुळ्याला परत गेल्यावर कुणाला विचारलं नाही. मी शिकाऊ आहे, माझंच मोजणं चुकलं असणार, असं मी ठरवून टाकलं. आबा, माझं मोजणं चुकलं नव्हतं.